सोमीची सुईण

विद्युल्लता टिपणीस यांना ओरडायची सवय नव्हती. वॉर्डात कुणी चुकलं की त्या चष्मा नाकावर खाली घेत, चुकणाऱ्याकडे बघत आणि नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"ला आयांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे टरकून असत. भिवंडीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातला बाळंतिणींचा वॉर्ड म्हणजे बाईंचं राज्य, आणि खोटं कशाला बोला, ते राज्य त्यांनी स्वतःच्या हाताने उभं केलं होतं. त्या तिथे नोकरीला लागल्या तेव्हा एकेका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी आडव्या पडायच्या, बाळांच्या दुपट्यांवर मांजरं झोपायची, आणि बाळंत होऊन आलेल्या बाईला कुणी पाणीसुद्धा विचारायचं नाही. बाईंनी मांजरं हाकलली, आयांना साबणाने हात धुवायला शिकवलं, ट्रस्टींशी भांडभांड भांडून खाटा वाढवून घेतल्या. तपासणीला येणारे पाहुणे पांढऱ्या चादरी बघून माना डोलवत आणि बाईंची छाती भरून येई.

माहेर भिवंडीतल्याच जुन्या वस्तीतलं. वडील नगरपालिकेत कारकून, काका शाळामास्तर, आत्या शाळेत शिक्षिका. पोरगी नर्सिंगला जाते म्हटल्यावर आत्या म्हणाली, "लोकांची घाण काढायला जाणार तू?" पोरीने सांगितलं, "जाणार. वेळ आली तर तुझीही काढीन." पुढे आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं विद्युल्लतानेच केलं, आणि एकदाही टोमणा मारला नाही. अशी बाई. मनाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावर दातओठ खाल.

तर त्या वॉर्डात रीमा आली.

रीमा राहनाळची. बाप गोदामात मुकादम, घरात माणसांचा राबता, त्यामुळे पोरगी बोलकी. केस टोपीत कधी राहायचे नाहीत, चपला फटक फटक वाजायच्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती खाटेवर बसायची. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हा बाईंचा पहिला नियम. पण ही आपली पडदा ओढून घ्यायची, खाटेच्या कडेला टेकायची आणि बाळंतिणीला विचारायची, "काय गं, रडलीस का? दुखतंय कुठं?" लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमागांवर राबणाऱ्यांच्या, बायका असल्या तर लगेच हिंदीत, "दूध उतरा क्या? शरमा मत, दिखा." बायका दाखवायच्या. टाके दुखतात, लघवीला जळजळ होते, नवरा मुलगी झाली म्हणून आला नाही, सगळं तिच्याजवळ ओकायच्या. बाई फेरीवर आल्या की त्याच बायका चादर गळ्यापर्यंत ओढून "सब ठीक है सिस्टर" म्हणायच्या.

बाईंच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

आधी त्यांनी स्वतःला समजावलं, की नव्याचे नऊ दिवस असतात, उतरेल. उतरलं नाही. उलट एक लूमवाली आपल्या मुलीला लस टोचायला घेऊन आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "नाम रखा है रीमा. आपकी रीमा सिस्टर के नाम पे." सगळ्या हसल्या, रीमा लाजली, कुणीतरी बाळाचा पापा घेतला. बाईही हसल्या, पण ओठ नुसते ताणल्यासारखे झाले. इतकी वर्षं इतकी बाळं हातांखालून गेली, एकाही आईला विद्युल्लता हे नाव सुचलं नव्हतं.

टेमघरच्या घरी आल्यावर त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. अवधूतराव गणिताचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले, जिभेला हाड नाही. ते म्हणाले, "बरं झालं नाही ठेवलं. ते पोर दहावीपर्यंत स्वतःचं नाव लिहायलाच शिकत बसलं असतं." आणि वर, "अगं, तू जळतेस त्या पोरीवर." बाईंनी भांडी इतक्या जोरात आपटली की खालच्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, काय झालं म्हणून.

जळते. हो, जळत होत्या. अवधूतरावांनी नाव दिल्यावर तर जास्तच. डॉक्टर क्षितिजा, वॉर्डाची तरुण डॉक्टर, एकदा राऊंडला सहज म्हणून गेली, "सिस्टर, हल्ली बायका आपणहून सांगायला लागल्यात, नाही? रीमा आल्यापासून." त्या "आल्यापासून"ने बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे त्याआधी इथे काय दगड बाळंत होत होते? त्या दिवशी बाईंनी रीमाच्या टोपीवरून, चपलांवरून, तिने पाण्याचा जग कुठे ठेवला त्यावरून चष्मा खाली घेतला. पोरगी प्रत्येक वेळी "सॉरी सिस्टर" म्हणून हसली. ते हसणं बाईंना जास्त टोचलं. उलट बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

अशात सोमी आली.

गणेशपुरीच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावरची. नवरा वाघ्या मिळेल ती मजुरी करणारा, सोबत सासू, आणि कुणाच्या तरी जीपमधून आणलेली. दवाखान्याच्या उतारावर स्ट्रेचर वळवता वळवताच सोमीने कळ दिली. रीमा नेमकी तिथून येत होती. तिने हातातलं सगळं टाकलं, गुडघ्यांवर बसली, आणि पोर तिच्या ओंजळीतच आली. बाई हातमोजे चढवून, ट्रॉली ढकलत पोचल्या तेव्हा पोरीने टाहो फोडला होता आणि रीमा तिला सोमीच्या उघड्या छातीवर ठेवत होती. करायला काही उरलं नव्हतं. नाळ कापली तीही रीमानेच.

सोमीची सासू वाकली आणि तिने रीमाच्या पायांना हात लावला. "पोर तुझ्या हातात पडली बाय. आता पाचवी व्हईपरत तूच आमची सुईण. बाळंतिणीचं तूच बघायचं, दुसऱ्या कोणाचं काम न्हाय."

"बघीन आजी," रीमा म्हणाली.

बाई हातमोजे घालून उभ्याच. त्यांना त्यातलं एवढंच ऐकू आलं की हिला सुईण म्हटलं. एवढा मान, पाया पडणं, आणि तेही योगायोगाने तिथून जाणाऱ्या पोरीच्या. पुढचं वाक्य त्यांच्या कानांवर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. सोमीच्या पाड्यात बाळ जिच्या हातात पडतं, तिनेच पाचवीची पूजा होईपर्यंत बाळंतिणीला हात लावायचा, तिनेच तिचं कापड बघायचं, रक्त किती जातंय ते तिलाच सांगायचं, ही रीत. दुसरीला दाखवलं तर आईचं आणि पोरीचं दोघींचं वाईट होतं, अशी समजूत. बाईंना वाटलं, नुसतं कौतुक चाललंय.

पोर वजनाला कमी होती, त्यामुळे सोमीला पाचवीपर्यंत तरी ठेवून घ्यायचं ठरलं. पोरीला दिवसभर आईच्या छातीला बांधून ठेवायचं, ऊब मिळते म्हणून. ही पद्धत त्या वॉर्डात आणली कुणी? बाईंनी. त्यासाठी मापाचे कपडे शिवून घेतले कुणी? बाईंनी. पण सोमी पोरीला बांधून घ्यायची ती रीमाने बांधलं तरच. बाई बांधायला गेल्या की सोमी भिंतीकडे तोंड फिरवायची. दवाखान्याची पॅडं तिला दिली होती, ती पाकिटातच पडली; ती आपली जुनी सुती कापडं घडी घालून वापरायची. बाईंनी रीमाला झापलं, "पॅडं दिली आहेत ना? मग ही चिंध्यांची पद्धत इथे कशाला?"

"तिला त्यातच बरं वाटतंय सिस्टर. धुतलेली, उन्हात वाळवलेली आहेत. मी प्रत्येक वेळी बघते ना."

"तू बघतेस."

"हो. मलाच दाखवते ती."

हे शेवटचं रीमाने साधेपणानेच सांगितलं होतं. बाईंना त्यात मिरवणं दिसलं. मलाच दाखवते. मलाच! त्या संध्याकाळी घरी जाईपर्यंत तो शब्द त्यांच्या डोक्यात फिरत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रीमाची ड्युटी हलवली. वॉर्डातून काढून खाली लसीकरणाला. कारण तयार होतं, की तिथे माणूस कमी आहे.

रीमाचा चेहरा उतरला. "सिस्टर, नंतर पाठवा ना. सोमीची पाचवी होऊ दे. तिचं कापड मी बघते, ती दुसऱ्या कुणाला..."

"वॉर्डात बाकीच्यांना डोळे नाहीत का?" बाईंनी तिचं वाक्य मध्येच तोडलं. "मी आहे इथे. तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे."

पोरगी गेली. आणि काय सांगू, बाईंना इतकं हलकं वाटलं, की बऱ्याच दिवसांनी त्यांनी आयांबरोबर चहा घेतला. वॉर्ड पुन्हा जागच्या जागी बसला. कुणी खाटेवर बसत नव्हतं, चपला वाजत नव्हत्या. दुपारच्या सुट्टीत रीमा जिन्यावरून डोकावली, तर बाईंनी दारातच अडवलं. "तुझी ड्युटी कुठंय?"

"खाली. नुसतं सोमीला बघून..."

"मग खाली."

ती दोनदा मागे वळून बघत गेली.

आता बाई सोमीकडे जातीने लक्ष देऊ लागल्या. दाखवायचंच होतं, की इथलं कुणावाचून अडत नाही. फेरीला आल्या की पायथ्याशी उभ्या राहून विचारायच्या, "सोमी, अंगावरून किती जातंय?"

"बराय," सोमी म्हणायची. भिंतीकडे बघून.

"चक्कर वगैरे?"

"न्हाय."

पॅडचं पाकीट तसंच बंद दिसायचं. बाईंनी त्यावरून ठरवलं, की फारसं काही जात नसणार. दुसऱ्या दिवशी नाडी जरा पळत होती. ही बाई आधीच रक्ताने कमी, म्हणून असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. एखाद्या नवशिक्या पोरीने असं म्हटलं असतं तर त्यांनी तिला फाडून खाल्लं असतं. पण सोमीची चादर वर करून बघायची म्हणजे सोमी अंग चोरणार, आणि तिने अंग चोरलं की रीमा आठवणार. बाईंनी चादरीला हात लावला नाही.

सासू मात्र अस्वस्थ झाली होती. ती बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पदर चाचपत म्हणाली, "बाय, आमची सुईण कवा येल?"

कोण ते बाईंना बरोबर कळलं. "आजी, दवाखान्यात सुईण नसते. सिस्टर असतात. मी आहे ना, मला सांगा काय ते."

म्हातारीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली बघितलं. "तिलाच सांगाया पायजे."

"ती आता इकडे येणार नाही."

म्हातारी मागे वळली. परत खाटेपाशी जाऊन बसली आणि एक घडी केलेलं कापड तिने पिशवीत खोल सरकवलं. बाईंनी ते बघितलं सुद्धा. मनात म्हणाल्या, घ्या, सुईण हवी म्हणे. एवढी वर्षं इथे झिजून आम्ही फक्त सिस्टर.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोर रडायला लागली. भुकेचं रडणं, थांबेना. बाई टेबलावरूनच म्हणाल्या, "सोमी, पाज तिला." रडणं चालूच. सासू नळावर गेली होती. वैतागून बाई उठल्या, दोन शब्द सुनावायच्या तयारीने खाटेपाशी गेल्या. सोमीचा चेहरा राखेसारखा पडला होता. कपाळाला हात लावला तर गार आणि ओलं. नाडी बोटांखाली धड सापडेना. बाईंनी चादर ओढली. घड्या केलेली कापडं, लुगडं, गादी, सगळं रक्ताने भिजलेलं.

"डॉक्टरांना बोलवा. ट्रॉली आणा, सलाईन, लवकर." बाईंच्या हुकमाने वॉर्ड हलला. पोर कुशीतून काढून आयाच्या हातात दिली. एका सिस्टरने सोमीच्या हातात सलाईनची सुई घातली. बाईंनी सोमीच्या ओटीपोटावर हात टेकला. गर्भाची पिशवी कणकेसारखी मऊ, वर आलेली. आत वारेचा काहीतरी तुकडा राहिलाय, हे त्यांच्या हाताला कळलं. दाबून, चोळून पिशवी घट्ट करायची होती, साचलेलं रक्त बाहेर काढायचं होतं.

आणि सोमीने पाय घट्ट आवळले. अर्धी शुद्ध गेलेली, तरी दोन्ही हातांनी बाईंचे हात ढकलू लागली. कुठून एवढा जोर आला कोण जाणे. "तू न्हाय," ती पुटपुटत होती. "तू न्हाय."

नळावरून सासू धावत आली आणि सरळ मध्ये पडली. "सुईणीबिगर हात नको लावू बाय. पोरगी मरंल माझी."

"मरायला लागलीच आहे ती," बाई म्हणाल्या. "सरका."

म्हातारी सरकली नाही. बाईंनी जोर केला तर सोमी आणखी झगडली, हातातली सुई निसटायला आली आणि पायाखालचं रक्त वाढलं. बाईंचं धाबं दणाणलं. ही बाई आपल्या डोळ्यांदेखत जाणार, आणि हात लावू देत नाही म्हणून जाणार. काय करायला हवं ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. तरी ते बोलायला जीभ उचलेना. एवढ्यातही. माणसाचा जळफळाट बघा, समोर जीव चाललाय आणि याला मान हवाय.

"रीमाला बोलवा," बाई म्हणाल्या. आणि आया जागची हलेना तेव्हा त्या जन्मात पहिल्यांदा ओरडल्या, "अगं, रीमाला बोलव."

रीमा जिना चढून धापा टाकत आली. एका नजरेत तिला सगळं कळलं. ती खाटेवर बसली, अगदी उशाशी, आणि तिने सोमीचं डोकं मांडीवर घेतलं. "सोमी, मी आली. बघ इकडं. पाय सोड बाय."

"तू बघ," सोमी म्हणाली. "तू."

"मीच बघते. पण ऐक. ह्या मोठ्या बाई हायत ना, ह्यांनीच मला शिकवलंय. माझे हात त्यांचेच हायत. त्या लावतील हात, मी हितंच हाय. आजी, तुम्ही पण सरका. मी सांगते ना."

म्हातारी सरकली. सोमीचे पाय सैल पडले.

बाई कामाला लागल्या. खोटं नाही, त्या हातांसारखे हात अख्ख्या भिवंडीत थोडेच होते. एक हात आत, एक पोटावर, पिशवी मुठीत धरून त्यांनी रक्त दाबून धरलं. खांद्याला कळा लागल्या, तरी सोडलं नाही. सोमीचा जीव त्यांच्या मुठीत होता आणि सोमी डोळे लावून बघत होती ती वर, रीमाकडे. तिने रीमाचं मनगट असं पकडलं होतं, की बोटांचे वळ उठले. बाईंना ते दिसत होतं. "माझे हात त्यांचेच" हे त्या पोरीने मनापासून म्हटलं, हेही कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. शिकवलं काय होतं तिला? "हं" म्हणायला?

डॉक्टर क्षितिजा आली, सोमीला ऑपरेशनला आत नेलं. वारेचा राहिलेला तुकडा निघाला. बाटल्यांवर बाटल्या रक्त चढलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली, "वाचली. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं." सासू भिंतीला टेकून खाली बसली. बाहेरून वाघ्या आला होता, तो पोरीला कसंबसं धरून उभा होता.

डॉक्टरने बाईंना आणि रीमाला बाजूला घेतलं. "हे कालपासून चाललेलं असणार. कुणालाच कसं कळलं नाही? आधी तर रीमा सगळं सांगायची मला. रीमा, तू खाली कशी?"

बाई बोलायच्या आत रीमा म्हणाली, "लसीकरणाला माणूस कमी होता मॅडम. म्हणून सिस्टरांनी..."

मुलीने पांघरूण घातलं. सरळ, न विचारता, तिच्या नेहमीच्या पद्धतीने. बाईंना सुटायला वाट होती. डॉक्टरने मान हलवली असती, प्रकरण तिथेच मिटलं असतं. आणि मग उरलेली सगळी नोकरी ह्या पोरीच्या उपकारात काढायची. सगळं तिचंच, बायका तिच्या, नाव तिचं, आणि आता आपली अब्रूसुद्धा तिनेच राखायची. नाही. हे नाही जमायचं.

"माणूस कमी नव्हता," बाई म्हणाल्या. "मला ही डोळ्यांसमोर नको होती. बायका हिच्याशी बोलतात, माझ्याशी नाही. म्हणून काढली. हिने मला सांगितलं होतं, ती बाई दुसऱ्या कुणाला कापड दाखवत नाही म्हणून. सासूही येऊन विचारून गेली. मी ऐकलं नाही."

  डॉक्टर क्षितिजा म्हणाली, "हे मला वर सांगावं लागेल सिस्टर."

"सांगा. मीही सांगेन."

रीमा रडत होती. बाईंना तिचं रडणंही आवडलं नाही; आपल्यासाठी रडते हे तर मुळीच नाही. त्यांच्या कोपरापर्यंत रक्त सुकलं होतं. ते धुवायला त्या बेसिनकडे निघाल्या, आणि चार पावलांवर थांबून मागे न बघता म्हणाल्या, "इथे काय उभी राहिलीस? आत जाऊन बस तिच्या खाटेवर. शुद्धीवर आली की तुलाच शोधेल ती."